बोट हिवाळ्यात सहा महिने बंद असते, आत ओल धरू नये म्हणून काय करता?

शिडाची_दोरी · २६ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विषय आडवळणाचा आहे, पण इथे कॅनडा-युरोपातले बरेच जण आहेत आणि कोकणातलेही, म्हणून विचारतो.

मी टोरोंटोच्या पश्चिमेला राहतो. मी आणि एक मित्र, दोघांत मिळून एक शिडाची बोट आहे. २७ फुटी, फायबरग्लासची, पन्नाशीला टेकलेली (बोट. आम्ही कधीच पुढे गेलोय). मे ते ऑक्टोबर ओंटारियो सरोवरात चालवतो. थँक्सगिव्हिंगच्या आसपास (इकडे तो ऑक्टोबरात असतो) मरिनावाले तिला उचलून जमिनीवर लोखंडी घोडीवर बसवतात, ती एप्रिलअखेर परत पाण्यात जाते.

गेला हिवाळा आमचा पहिलाच. मी डोकं चालवलं की बाहेरची हवा आत गेलीच नाही तर ओल येणार कुठून? सगळे झरोके टेप लावून बंद केले, झाकणांच्या फटीत फोम कोंबला, वरून पांढरं श्रिंकरॅप (गरम केलं की आकसून ताठ बसणारं प्लास्टिक). आत ओल शोषणाऱ्या दाण्यांचे चार डबे ठेवले आणि विजयी मुद्रेने घरी आलो.

एप्रिलमध्ये दाराची फळी वर काढली आणि दोन पावलं मागे आलो. गावचं घर पावसाळाभर बंद ठेवून गणपतीला उघडल्यावर कपाटातून येतो ना, तो वास. गाद्या उलट्या केल्या तर खालच्या अंगाला मोहरी सांडल्यासारखे काळे ठिपके. छतातल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्याला गंजकट रंगाचा एकेक थेंब लटकलेला. नकाशांचं पुस्तक फुगून पावासारखं झालेलं. चारही डबे काठोकाठ भरले होते. मी ओतून मोजलं, तीन लिटर!

यंदा तीन आठवडे हातात आहेत. झरोके उघडे ठेवू की बंद? हवेतली ओल काढणारं मशीन लावू का? हीटर?

---

गूळपोळी · २६ सप्टेंबर, रात्री १०:१५

वाचतेय. फोटो दिसत नाहीयेत.

---

शिडाची_दोरी · २६ सप्टेंबर, रात्री १०:२१

फोटो टाकलेच नाहीत. जेवणाच्या वेळी कोणी उघडू नयेत म्हणून.

---

पाणचक्की · २७ सप्टेंबर, दुपारी १:०५

मी हॉलंडमध्ये, बोट ९ मीटरची. इकडे पुष्कळ जण हिवाळाभर बोट पाण्यातच ठेवतात, मीही. त्यामुळे आपली दोघांची गणितं थोडी वेगळी आहेत, पण एक नियम सगळीकडे चालतो. मशीन लावलं तर झरोके बंद, मशीन नाही तर झरोके उघडे. अर्धं हे अर्धं ते केलं की तुम्ही अख्ख्या देशाची हवा सुकवत बसता आणि वीजबिल तेवढं येतं.

तुम्ही जे केलंत, म्हणजे मशीनही नाही आणि झरोकेही बंद, ते सगळ्यात वाईट. बोटीत आधीच असलेली ओल तुम्ही आत कोंडलीत.

मशीन घ्यायचं तर तळघरात वापरतात ते घेऊ नका. त्यात गार नळ्यांवर हवेतलं पाणी जमवतात. थंडीत त्या नळ्यांवरच बर्फ धरतो आणि मशीन नुसतं घुरघुरत राहतं. झिओलाइटचं (ओल शोषणाऱ्या खनिजाचं) फिरतं चाक असलेलं मिळतं, ते शून्याच्या जवळपासही काम करतं. वर थोडी ऊबदार हवा सोडतं, तीही उपयोगाची. त्याची नळी सिंकमध्ये सोडायची म्हणजे टाकी भरून बंद पडत नाही.

---

शिडाची_दोरी · २७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

तळघरातलंच आणलं होतं. ऑक्टोबरअखेर एक रात्र लावून बघितलं, सकाळी आत फ्रीजरसारखा पांढरा थर. आता कळलं का ते.

शिवाय आमच्या यार्डात नियम आहे, माणूस बोटीवर नसेल तर वीज जोडून ठेवायची नाही. आगीच्या भीतीने. त्यामुळे हीटरही बाद, मशीनही बाद, फक्त मी तिथे असताना जे होईल ते.

---

बंदरावरचा_बाळ्या · २७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:१०

मग गॅसचा छोटा हीटर एक तासभर लावून मस्त सुकवून घ्यायचं, मग बंद करून घरी. हाकानाका.

---

रसायनी · २७ सप्टेंबर, रात्री ८:५५

बाळ्याभाऊ, कृपा करून हे कोणाला सांगू नका. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात, आणि ते तुमच्याच केबिनमध्ये राहतं. म्हणजे सुकवायला गेलात आणि दीड बाटली पाणी ओतून आलात. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात ते वेगळंच.

आता मूळ धाग्याबद्दल. शिडाची_दोरी, तुमचे तीन लिटर मला झोपू देईनात, म्हणून हिशेब केला.

२७ फुटी बोटीच्या आतली जागा सढळ हाताने २० घनमीटर धरू. १० अंशाला हवा पाण्याने पूर्ण भरलेली असली तरी एका घनमीटरमध्ये ९.४ ग्रॅम पाणी मावतं. म्हणजे तुमच्या सगळ्या केबिनमधल्या हवेत मिळून १९० ग्रॅम. एक फुलपात्रभर. २० अंशाला १७ ग्रॅम मावतं, शून्याला पाच ग्रॅमला जरा कमी, उणे १० ला दोन-सव्वादोन. थंड हवेला तहान कमी.

डब्यातलं द्रव म्हणजे कॅल्शियम क्लोराइड विरघळलेलं पाणी, त्यामुळे तीन लिटरमध्ये खरं पाणी दोन-अडीच लिटर धरा. फुलपात्रभर हवेतलं. उरलेलं कुठून आलं?

तुम्ही म्हणाल फटींतून. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने बंद बोटही श्वास घेते, खरं आहे. दहा अंशांचा चढउतार धरला तर रोज साडेतीन टक्क्यांच्या आसपास हवा आतबाहेर होते. त्यातून फार तर चहाचा चमचाभर पाणी रोज. त्यातलंही बरंचसं परत बाहेर जातं. वारा असेल तर जास्त, पण तुम्ही फटी बुजवल्या होत्या.

माझ्या मते तुमच्या बोटीत कुठेतरी द्रव पाणी होतं किंवा येत होतं. डबे त्याची वाफ पीत बसले. झरोके उघडे की बंद हा नंतरचा प्रश्न.

---

गूळपोळी · २७ सप्टेंबर, रात्री ९:०२

फुलपात्र! रसायनी, तुम्ही शाळेत शिकवायला असता तर मी सायन्स सोडलं नसतं.

---

तिखटमीठ · २८ सप्टेंबर, सकाळी ११:२०

ज्यांना बोटी परवडतात त्यांना ओलीची चिंता. इथे आमच्या भिंतीला ओल येते तिचं काय ते सांगा.

---

शिडाची_दोरी · २८ सप्टेंबर, दुपारी १२:१५

साहेब, ही बोट आम्ही दोघांनी मिळून एका जुन्या गाडीच्या भावात घेतली. भिंतीचा धागा काढा, तिथे येतो. आमच्या ठाण्याच्या घरी तीच रड होती.

---

हर्णेकर · २८ सप्टेंबर, रात्री ८:४०

वाचून गंमत वाटली. तुमचा हिवाळा तसा आमचा पावसाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याआधी होड्या वर ओढायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावर खरा हंगाम.

आमच्याकडे प्रकार उलटा असतो. जुलैत बाहेरची हवाच ओलीचिंब. इंजिनाच्या खणाचं झाकण उघडं टाकलं की दुसऱ्या दिवशी लोखंडावर हात फिरवलात तर पाणी निथळतं. रसायनी साहेबांच्या मापात ती हवा किती तहानलेली असते ते त्यांनी सांगावं.

पण वरच्या आच्छादनाबद्दल दोन गोष्टी सांगतो. आजोबा होडीवर झापांचा मांडव घालायचे, आता ताडपत्री. मांडव होडीला टेकता कामा नये आणि पुढची मागची तोंडं उघडी हवीत. वारा एका तोंडाने शिरून दुसऱ्याने गेला पाहिजे. ज्याने ताडपत्री घट्ट आवळून काठाला बांधली त्याच्या होडीचं लाकूड आतून काळं पडलेलं मी पाहिलंय. तुमचं ते प्लास्टिक बोटीला चिकटून बसतं का?

आणि लाकडी होडी फार सुकवायचीही नसते. फळ्या आकसतात, सांधे उघडतात, मग पाण्यात घातल्यावर दोन दिवस नुसतं उपसत बसा. तुमची फायबरची, तुम्हाला ती काळजी नाही.

---

रसायनी · २८ सप्टेंबर, रात्री ९:३०

हर्णेकर, २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर घनमीटरला २४ ग्रॅमच्या वर. शिडाची_दोरी यांच्या जानेवारीतल्या हवेच्या दहापट! म्हणून तुम्ही इंजिनाचा खण बंद ठेवता ते बरोबर, आणि त्यांनी केबिन उघडी ठेवली तर तेही बरोबर.

---

शिडाची_दोरी · २८ सप्टेंबर, रात्री १०:०५

हर्णेकर, प्लास्टिक चिकटलं नव्हतं, मधोमध आढं होतं. पण हवा जायला एकही भोक नव्हतं. श्रिंकरॅपवाल्याने विचारलं होतं, झरोके बसवू का, दर झरोक्याचे पैसे वेगळे. मी नको म्हटलं. मराठी माणूस.

---

लाटांवर_लीना · २९ सप्टेंबर, पहाटे ५:५०

हॅलिफॅक्सहून. आमची बोट खाऱ्या पाण्यातली. नवऱ्याची हौस आणि साफसफाई माझी, तेव्हा मी अधिकारवाणीने बोलते.

गाद्या, उशा, पडदे, कपडे, पुस्तकं, टिश्यूचे रोल, मसाल्याच्या बाटल्या, एकूण एक वस्तू घरी आणा. घरात जागा नाही हे मला सांगू नका, आमच्या गाद्या सहा महिने पाहुण्यांच्या खोलीत उभ्या असतात आणि पाहुणे आले तर आडव्या होतात. आणणं शक्यच नसेल तर निदान कडेवर उभ्या करा, दोन्ही बाजूंनी हवा लागू दे. तुमचे मोहरीचे ठिपके खालच्या अंगाला आले कारण फोम थंड फळीला चिकटून होता आणि मध्ये हवा नव्हती.

कपाटांची दारं उघडी, जमिनीच्या फळ्या उचललेल्या, आइसबॉक्सचं झाकण बोटभर उघडं. त्यात कपडा अडकवा, नाहीतर आपोआप मिटतं आणि एप्रिलमध्ये आत जे सापडतं त्याचं वर्णन इथे नको. भिंती कोमट पाणी आणि साबणाने धुऊन, मग पांढऱ्या व्हिनेगरने पुसून कोरड्या करायच्या. ब्लीच लाकडावर आणि कापडावर नको. वरचे डाग फिके होतात, मुळं आतच राहतात.

खाऱ्या पाण्यातल्यांसाठी (हर्णेकर, तुम्हालाही ठाऊक असेलच): दोर, लाइफजॅकेट, शिडं गोड्या पाण्यात खळखळून धुवा. मीठ राहिलेला कपडा कधीच सुकत नाही. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं होतं तेच.

---

गूळपोळी · २९ सप्टेंबर, सकाळी ९:१२

म्हणून आई मिठात तांदूळ टाकायची. मग बोटीत तांदळाची पुरचुंडी?

---

लाटांवर_लीना · २९ सप्टेंबर, सकाळी १०:३०

टाकलेत तर उंदीर येतील. तोही धागा निघेल.

---

लाकूडतोड्या · १ ऑक्टोबर, रात्री ११:१५

जुन्या फायबर बोटींची कामं करतो (ब्रिटिश कोलंबिया). तुमच्या काळातल्या बऱ्याच बोटींच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड असतं. कठड्याच्या खांबांचे बोल्ट, झाकणांच्या चौकटी, जिथे जिथे डेकला भोक आहे तिथलं सील म्हातारं झालं की पाणी थेट बाल्सात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने डेकवर ठोकत जा. टणटण वाजलं तर ठीक. भद् वाजलं तर आतला बाल्सा भिजलाय किंवा कुजलाय. खडूने खुणा करा.

आणि एक प्रश्न. डोलकाठी उतरवता की उभीच ठेवता? ती डेकवर बसते की डेकमधून आरपार खाली तळापर्यंत जाते?

---

शिडाची_दोरी · २ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

आरपार, थेट तळापर्यंत. उभीच ठेवतो, उतरवायला क्रेनचे वेगळे पैसे. पण डेकपाशी तिच्याभोवती रबराचा पट्टा नवा घातलाय, तिथून थेंबही येत नाही. पावसात खाली बसून बघितलंय.

डेकवर ठोकलं. दोन खांबांपाशी भद्. खडूच्या खुणा केल्या, मित्राचा चेहरा पडला.

---

लाकूडतोड्या · २ ऑक्टोबर, दुपारी २:००

पट्टा डोलकाठीच्या बाहेरून येणारं पाणी अडवतो. आतून येणारं नाही. डोलकाठी पोकळ असते. वर टोकाला दोर जायला फटी असतात, त्यातून पाऊस शिरतो आणि आतल्या आत थेट तळाशी उतरतो. श्रिंकरॅप डोलकाठीभोवती आवळलेलं, म्हणजे सगळी बोट झाकलेली आणि मधोमध एक नळ चालू.

---

पाणचक्की · २ ऑक्टोबर, दुपारी ३:२५

+१. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

---

शिडाची_दोरी · १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

अपडेट. बोट काल वर आली. क्रेनची वेळ आधी घ्यावी लागते, ती संपली होती, त्यामुळे डोलकाठी यंदाही उभीच. लाकूडतोड्या, रागावू नका.

केलं ते असं: लीनाताईंची यादी अक्षरशः पाळली, गाद्या घरी (बायको बोलत नाहीये). भद् वाजणारे दोन खांब काढून, सुकवून, नव्या सीलंटने परत बसवले. तात्पुरतं आहे, बाल्साचं खरं काम वसंतात. बिल्ज, म्हणजे तळातली पाणी साचायची खळगी, आधी पंपाने, मग व्हॅक्यूमने, शेवटी स्पंजने अगदी कोरडी केली. पाण्याच्या नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीज. चाकवालं मशीन एका ओळखीच्याकडून उसनं आणलं आणि शनिवार-रविवार दोन्ही दिवस बोटीवर बसून चालवलं. शनिवारी सकाळी आर्द्रता ८८ टक्के होती, रविवारी संध्याकाळी ५४. पुस्तक वाचायला मिळालं तो बोनस. मग झरोक्यांवरच्या टेपा काढल्या, आणि श्रिंकरॅपला पैसे देऊन सहा झरोके बसवले.

ओल शोषणारे डबे यंदा नाहीत. एक गेल्या वर्षी कलंडला होता, ते पाणी जिथे सांडलं तिथला पितळी कब्जा हिरवागार झालाय.

---

शिडाची_दोरी · २१ जानेवारी, संध्याकाळी ५:२०

धागा वर काढतोय, कारण पुरावा सापडला.

आज उणे १२ होतं. श्रिंकरॅपच्या चेनच्या दारातून आत गेलो. केबिन कोरडी, वास नाही, छताच्या स्क्रूंना थेंब नाहीत. टॉर्च बिल्जमध्ये मारला. ऑक्टोबरात मी जी स्पंजने पुसली होती त्या खळगीत डोलकाठीच्या पायाशी स्वच्छ काचेसारखा बर्फ, चांगला चार बोटं जाड. डोलकाठीच्या तळाच्या भोकातून एक सुळका बाहेर आलेला, त्याच्या टोकाला बर्फात गोठलेला थेंब.

हातोडीने फोडून बादलीत भरला. घरी आणून वितळवला, सव्वाचार लिटर. रसायनी, हे तुमचं उरलेलं पाणी.

---

रसायनी · २१ जानेवारी, संध्याकाळी ६:०५

आता झोप लागेल. एक काळजी घ्या. पाणी गोठताना ९ टक्क्यांनी फुगतं. डोलकाठीच्या पोटात साचून गोठलं तर अ‍ॅल्युमिनियम चिरतं. तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघा.

---

लाकूडतोड्या · २१ जानेवारी, रात्री ८:३०

सांगितलं होतं हे म्हणणार नाही. फेब्रुवारीअखेरपासून दर आठवड्याला जा. कडक थंडीत बर्फ काही करत नाही, निपचित पडून असतो. खरी ओल धरते ती मार्चमध्ये. बाहेर अचानक दहा अंश होतं, हवा दमट, आणि बोटीचा सांगाडा मात्र अजून गारठलेला. गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं सगळ्या भिंतींना सुटतं. त्या दिवसांत पोटातलं पाणी वितळून साचलेलं नसलं पाहिजे.

---

हर्णेकर · २२ जानेवारी, सकाळी ८:१५

सव्वाचार लिटर म्हणजे आमच्याकडे अर्ध्या मिनिटाचा पाऊस. पण बंद घरात मुरलं तर तेवढंही पुरतं.

---

शिडाची_दोरी · २७ एप्रिल, रात्री १०:१०

काल बोट पाण्यात गेली. मार्चपासून सहा फेऱ्या मारल्या, दर वेळी बिल्ज उपसली. सगळ्यात जास्त पाणी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, एका फेरीत तीन लिटरच्या वर. १५ मार्चला लाकूडतोड्या म्हणतात तसं झालंच. बाहेर १३ अंश, आत भिंतींना घाम. त्या दिवशी झाकणं सताड उघडून मशीन न लावता नुसती फडक्यांनी पुसली. दुपारनंतर सांगाडा तापला आणि घाम आपोआप गेला.

बुरशी फक्त एका कपाटात, नांगराच्या दोरापाशी. तो दोर ओलाच गुंडाळून ठेवला होता, कबूल. बाकी केबिनला वास नाही. नकाशांचं नवं पुस्तक सपाट आहे.

डोलकाठी पुढच्या ऑक्टोबरात उतरवायची. मित्र म्हणतो एवढे पैसे कशाला, वर टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधू. वर चढणार कोण, यावर चर्चा अडली आहे.

---

लाटांवर_लीना · २८ एप्रिल, पहाटे ५:३०

पिशवी नोव्हेंबरातल्या पहिल्या वादळात उडेल. क्रेनची वेळ ऑगस्टमध्येच घ्या. आणि बायको बोलायला लागली का?

---

शिडाची_दोरी · २८ एप्रिल, सकाळी ७:०५

गाद्या बोटीवर परत गेल्या त्या दिवसापासून.

---

हर्णेकर · २८ एप्रिल, रात्री ९:४५

आमची आता ओढायची वेळ आली. यंदा ताडपत्रीखाली आर्द्रतेचं मीटर ठेवून बघणार आहे, इंजिनाचा खण बंद करून एक महिना आणि उघडा ठेवून एक महिना. रसायनी साहेब, ऑगस्टमध्ये आकडे देतो, हिशेब तुम्ही करा. फुलपात्रात पाहिजे.